पावडर, गोळ्या सोडवायच्यात? इंदूरमध्ये सुरुवात कुठून करायची

पहाटे पाचला धाकट्याने माझ्या दाराची कडी वाजवली आणि म्हणाला, ताई चल, आज जाऊ. दोन वर्षं ज्या शब्दाची वाट पाहत होतो तो हाच होता, आणि मी काय केलं तर आधार कार्ड शोधत बसले. त्याचं आधार वहिनीच्या माहेरी, जुने पर्चे आईच्या ट्रंकेत, ओपीडी कुठली नि किती वाजता उघडते कोणालाच ठाऊक नाही. साडेदहापर्यंत सगळं गोळा केलं आणि पाहिलं तर तो घरात नव्हता. अंग इतकं तुटायला लागलं होतं की तो सरळ पुडी घ्यायला गेला. नंतर "चल" म्हणायला त्याने सात महिने घेतले.

म्हणून हे लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, लोकमान्यनगरातली साधी बाई आहे, चार वर्षं भावाबरोबर चकरा मारल्या आणि आता अडल्या-नडल्या दुसऱ्या घरांबरोबर पण जाते. गोळी कोणती नि किती हे डॉक्टरच ठरवणार, मी फक्त दरवाजे कुठे आहेत ते सांगते.

हे कोणासाठी आहे ते आधी. स्मॅक, ब्राउन शुगर (पोरं नुसतं "पावडर" म्हणतात), अफू, डोडा चुरा (अफूच्या बोंडांचा भुसा), ट्रॅमाडॉल-टॅपेंटाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध, हे सगळं एकाच घराण्यातलं, अफूच्या. एकाची सवय असली आणि ते मिळालं नाही की माणूस दुसऱ्यावर जातो. दारू, गांजाचे उपचार वेगळे, त्यात हे सगळं लागू होत नाही, पण फोन नंबर तेच आहेत.

आणि "आपल्या घरात असं कसं" हे आधी डोक्यातून काढा. आपण मालव्यात राहतो, मंदसौर, नीमच, रतलामला सरकारी लायसन्सवर अफूची शेती होते, नीमचला अफूचा सरकारी कारखाना आहे, लायसन्स देणाऱ्या नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. होळकरांच्या काळात इथली अफू मुंबईमार्गे पार चीनला जायची. दिल्लीच्या एम्सने सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं, त्यात १० ते ७५ वयातली देशभरात सुमारे २ कोटी २६ लाख माणसं अफूच्या घराण्यातलं काही ना काही घेणारी निघाली. आमच्या धाकट्याचं तर कमरेच्या दुखण्यापासून सुरू झालं, स्लिप डिस्क, मेडिकलवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या, मग पट्ट्या पुरेनात.

१. कोंडून ठेवायचा प्रयोग करू नका

आम्ही केला. वरच्या खोलीत आठ दिवस, बाहेरून कडी, आई दाराखालून लिंबूपाणी सरकवायची. त्याला उलट्या, जुलाब, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पाय झाडणं, रात्रभर झोप नाही. पावडरचं शेवटचं घेतल्यावर आठ-बारा तासांत हे सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. बघणाऱ्याला वाटतं हा आता मरतो. खरं तर धडधाकट माणूस यातून बहुधा निघतो, पण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं की धोका आहेच. गरोदर बाई असेल, हृदयाचा त्रास असेल तर घरी हा प्रकार अजिबात नाही. ट्रॅमाडॉलवाल्याला झटके पण येऊ शकतात.

पण खरा धोका आठव्या दिवसानंतर आहे आणि तो आम्हाला कोणी सांगितला नव्हता. शरीर साफ झालं की जुनी मात्रा सहन करायची ताकद गेलेली असते, मनातली ओढ मात्र तशीच असते. माणूस बाहेर पडतो, पूर्वीइतकंच घेतो आणि श्वास बंद पडतो. जेलमधून सुटल्यावर, केंद्रातून आल्यावर, घरी कोंडल्यावर, म्हणजे "सुटला" म्हणून आपण पेढे वाटतो ना, तेव्हाच. आमचा नवव्या दिवशी बाथरूममध्ये निळा पडलेला सापडला. वाचला, ते पुढे सांगते.

२. पहिला फोन

दोन नंबर मोबाइलमध्ये आजच टाका. १४४४६ हा केंद्र सरकारचा नशामुक्तीचा टोल फ्री नंबर. १४४१६ हा टेलि-मानस, मानसिक आरोग्याचा, चोवीस तास, आणि तिथे मराठी पण निवडता येते. आमच्या आईला हिंदीत बोलायचं असलं की निम्मं मनातच राहतं, तिला याचा खूप आधार झाला.

फोनवर रडायला येतं, मी तर पहिल्यांदा नुसतीच रडले आणि ठेवून दिला. म्हणून प्रश्न आधी कागदावर लिहा:

- आमच्या जवळचं सरकारी किंवा सरकारी अनुदानावरचं केंद्र कोणतं, पत्ता, ओपीडीचे वार नि वेळ
- तिथे बुप्रेनॉर्फिन मिळतं का (अफूची ओढ नि अंग तुटणं कमी करणारी गोळी; हा शब्द नीट लिहून ठेवा, याच्यावर पुढे बरंच आहे)
- भरती व्हायची गरज पडली तर बेड आहे का, बाईसाठी वेगळी सोय आहे का
- रुग्ण आज यायला तयार नाही, तर घरचे आधी एकटे येऊन बोलू शकतात का

शेवटचा प्रश्न नक्की विचारा. लोक समजतात पेशंट आल्याशिवाय कोणी बोलतच नाही. मी तीन वेळा एकटी जाऊन आले होते, धाकटा चौथ्या वेळी आला.

आणि कागदावर आलेल्या पत्त्यावर तो येण्याच्या आधीच एकदा स्वतः जाऊन या. गेट कुठलं, पर्चा कुठे बनतो, मनोरोगाची खोली कोणत्या मजल्यावर, सगळं बघून घ्या. अंग तुटत असलेल्या माणसाला घेऊन तीन खिडक्यांवर फिरलात तर तो चौथ्या खिडकीपर्यंत थांबत नाही.

३. फाइल

एक प्लॅस्टिकची फाइल, दाराजवळ खुंटीला अडकवून. आमच्याकडे किल्ल्यांच्या बाजूला लटकत असते.

- आधारची फोटोकॉपी, त्याची आणि बरोबर जाणाऱ्याची
- समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख नंबर) लिहिलेला कागद, आयुष्मान कार्ड असेल तर ते
- दोन पासपोर्ट फोटो
- जुने पर्चे, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट
- ज्या गोळ्या घेतो त्यांच्या रिकाम्या पट्ट्या (डॉक्टरला यावरून खूप कळतं)
- एका कागदावर: काय घेतो, किती वर्षं, दिवसातून किती वेळा, ओढतो की सुई लावतो, बरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतो का, शेवटचं कधी घेतलं. शेवटची ओळ रिकामी ठेवा, निघताना भरायची
- शंभरच्या काही नोटा, पाण्याची बाटली, एक जुना टॉवेल, पिशव्या (उलटीसाठी, लाजू नका)
- नामनिर्देशाचा कागद

हा शेवटचा कागद फार थोड्यांना माहीत असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रगशी जोडलेल्या मानसिक तक्रारी पण येतात, आणि त्यात रुग्ण स्वतः साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून सांगू शकतो की माझ्या वतीने अमुक माणूस बोलेल. स्टॅम्प पेपर नाही, वकील नाही. धाकट्याने माझं नाव लिहिलं, वहिनीचं नाही, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, पण त्याची बायको समोर असली की तो खरं बोलत नाही हे त्यालाच माहीत होतं.

कागद पुरे नाहीत म्हणून कोणी परत पाठवलं तर शांतपणे सांगा की आज दाखवून घ्या, कागद उद्या आणतो. गरीब किंवा बेघर माणसाला बीपीएल कार्ड हातात नसलं तरी सरकारी ठिकाणी हे उपचार फुकट मिळायचा हक्क याच कायद्यात आहे.

४. कोणत्या दारात जायचं

इंदूरमध्ये सरकारी म्हणजे मुख्य दोन, एम. वाय. हॉस्पिटलचा मनोरोग विभाग आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, दोन्ही एम. जी. एम. मेडिकल कॉलेजशी जोडलेली. बाणगंगा म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच "वेड्यांचं" म्हणतात, आमची आत्या तर तोंडावर पदर घेऊन आली होती, ओपीडीत बसली तेव्हा शेजारी तिच्याच कॉलनीतले दोघं.

मग सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर संस्था चालवतात ती केंद्रं, कागदोपत्री त्यांना आयआरसीए म्हणतात, तिथे राहायची सोय असते आणि उपचाराचे पैसे लागत नाहीत. काही सरकारी दवाखान्यांत एटीएफ म्हणून नशामुक्तीची सोय केलीय, तिथे एम्सच्या देखरेखीखाली ओपीडीतच औषध देतात. आपल्याजवळ यातलं काय चालू आहे हे १४४४६ वर विचारायचं, कारण केंद्रं सुरू-बंद होत राहतात, चार वर्षांपूर्वी कोणीतरी दिलेल्या पत्त्यावर जाऊ नका.

सुई लावणाऱ्यासाठी तिसरं दार आहे, एड्स नियंत्रणवाल्या नॅकोचं ओएसटी केंद्र, म्हणजे अफूच्या जागी बुप्रेनॉर्फिनसारखं औषध देणारं. तिथे औषध फुकट, सुरुवातीला रोज समोर बसून जिभेखाली ठेवायचं. एचआयव्ही आणि कावीळ बी-सीची तपासणी पण करून घ्या, हेपॅटायटिस सी चं औषध सरकारी कार्यक्रमात २०१८ पासून फुकट आहे. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं तर १०९७.

खाजगी मनोविकारतज्ज्ञ पण चांगले आहेत, परवडत असेल तर जा, फक्त मेडिक्लेमच्या भरवशावर जाऊ नका. पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत व्यसनाचे उपचार बहुतेक असतातच. आम्हाला हे बिल हातात आल्यावर कळलं.

५. तो "चल" म्हणाला, आता

वादविवाद नाही, "आधी का नाही ऐकलंस" नाही, चहा नाही, फाइल उचला नि निघा. आईला सांगा पाया पडणं वगैरे नंतर.

जमलं तर शेवटचं घेऊन बारा तास झालेले आणि त्रास सुरू झालेला असावा, म्हणून सकाळची ओपीडी बरी पडते. याचं कारण असं की बुप्रेनॉर्फिन त्रास सुरू व्हायच्या आधी दिलं तर शरीरातली उरलीसुरली पावडर ते ढकलून लावतं आणि हळूहळू यायचा तो त्रास एकदम आणि जोरात येतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाने मित्राकडून ती गोळी घेऊन अशीच तोंडात टाकली, त्याचा त्या औषधावरचा विश्वासच उडाला, आता काही केल्या घेत नाही. म्हणून डॉक्टर विचारतील "शेवटचं कधी", तेव्हा खरं सांगायचं. काल रात्री घेतलं असेल तर काल रात्री. पोरं लाजून चार दिवस झाले म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

लघवीची तपासणी होईल, रक्त घेतील, बीपी बघतील. भरती करायचं की ओपीडीतून हे ते ठरवतील. दर वेळी भरती लागतेच असं नाही, हे पण नवीन माणसाला माहीत नसतं. खूप जण नोकरी सांभाळून ओपीडीतून बरे राहतात.

पुडी, सुई खिशात घेऊन जाऊ नका. निघण्याआधी खिसे बघा, त्याच्यासमोर बघा, चोरून नाही.

६. औषधाबद्दल, म्हणजे ज्याच्यावरून घराघरांत भांडणं होतात

दोन रस्ते आहेत. एक, फक्त त्रास ओसरेपर्यंत औषध आणि मग बंद. दुसरा, बुप्रेनॉर्फिन (किंवा काही केंद्रांत मेथाडोन) बरेच महिने, कधी कधी वर्षं. घरच्यांना पहिला आवडतो. "एक सुटलं आणि दुसरं लागलं" हे वाक्य मी बाबांकडून, आत्याकडून, सोसायटीच्या अध्यक्षांकडून, सगळ्यांकडून ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, पहिले सहा महिने मी पण तेच म्हणत होते.

मग डॉक्टरांनी बाबांना विचारलं, तुमची बीपीची गोळी कधी बंद करायची? बाबा गप्प. ही गोळी अफूच्याच जागेवर जाऊन बसते हे खरं आहे, पण हळूहळू काम करते, नशा चढत नाही, ओढ कमी होते आणि दिवसभर अंग तुटत नाही, त्यामुळे माणूस पुडीमागे धावायचं सोडून दुकान उघडतो. जागतिक आरोग्य संघटनेने बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन २००५ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत टाकलीत. जे लोक अशा औषधावर टिकून राहतात त्यांच्यात मरण्याचं प्रमाण औषध न घेणाऱ्यांच्या निम्म्याच्याही खाली आढळलंय. आमच्या घरात हिशोब त्याहून सोपा झाला, पहिला रस्ता तीनदा करून बघितला होता, तिन्ही वेळा दोन महिन्यांच्या आत परत.

काही साध्या गोष्टी ज्या पर्च्यावर लिहिलेल्या नसतात:

गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, चहा नाही, गिळायची तर अजिबात नाही, गिळली तर फुकट गेली. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरा, दातांना त्रास होतो. पोट साफ होत नाही, त्यासाठी भाजी, पाणी, आणि फारच झालं तर डॉक्टरला सांगा. बरोबर दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावतो, हे फार गंभीर आहे, "एकच पेग" म्हणणाऱ्या मामांना आधीच सांगून ठेवा. घरात लहान मूल असेल तर गोळ्या कुलपात. हे औषध साध्या मेडिकलवर सहसा मिळत नाही, परवानगी असलेल्या केंद्रातूनच मिळतं, म्हणजे गावाला लग्नाला जायचं असेल तर चार दिवस आधी जाऊन सांगा. आम्ही एकदा देवासच्या लग्नात तिसऱ्या दिवशी गोळ्या संपवून बसलो होतो, नवरदेव घोड्यावर आणि मी धाकट्याला घेऊन बसमध्ये.

नॅल्ट्रेक्सोन म्हणून आणखी एक गोळी आहे, ती अफूची जागाच अडवून टाकते. ती सुरू करायच्या आधी सात ते दहा दिवस शरीरात अफूचं काहीही नको. घरच्यांनी गुपचूप वरणात मिसळून वगैरे देऊ नका, रुग्ण थेट इमर्जन्सीत जाईल. ऑटोच्या मागे "बिना बताए नशा छुड़वाएं" लिहिलेली असतात ना, त्या पावडरी पण नको. काय असतं त्यात कोणी सांगत नाही, आम्ही बाराशेची डबी आणली होती, धाकट्याने पहिल्याच घासाला ओळखलं आणि आठवडाभर घरचं जेवला नाही.

७. खाजगी "केंद्र" निवडताना

इथे आम्ही सगळ्यात मोठी ठोकर खाल्ली, नाव घेत नाही. शहराबाहेरचं एक ठिकाण, फोनवर फार गोड बोलले, रात्री चार पोरं गाडी घेऊन आली आणि झोपेतून उचलून घेऊन गेली. तीन महिन्यांचे पैसे आधी. भेटायला महिनाभर बंदी. डॉक्टर म्हणून ज्यांचा फोटो लावला होता ते कधी येतच नव्हते. परत आला तेव्हा पाठीवर पट्ट्याचे वळ होते आणि माझ्याशी दोन महिने बोलला नाही. त्याचं पण बरोबर होतं, सही मीच केली होती.

तेव्हा पैसे देण्याआधी हे बघा. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणीचा कागद दाखवतात का, नुसतं "संस्था रजिस्टर आहे" चालत नाही, संस्था कोणतीही रजिस्टर होते. मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, त्यांना भेटता येईल का. राहायची खोली आणि संडास दाखवतात का. आठवड्याला भेट, फोन आहे का. रोजचा पर्चा, औषधांची नावं मिळतात का. "आम्ही औषध देत नाही, फक्त शिस्त" असं अभिमानाने सांगितलं तर अफूवाल्यासाठी तिथून उठा.

कायद्याने मारहाण, साखळदंड यांना मनाई आहे. रुग्णाची इच्छा नसताना भरती करायचीच झाली तर दोन तज्ज्ञांची तपासणी, नामनिर्देशित माणसाचा अर्ज, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवस, असे नियम आहेत. उचलून न्यायला गाडी येणं हे त्यात कुठेच बसत नाही.

८. पोलिसांची भीती

ही भीती खरी आहे, नशा करणं हा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गुन्हाच आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४-क आहे, स्वतःच्या सेवनासाठी किंवा थोड्या मात्रेसाठी केस असलेला माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. स्मॅक म्हणजे हेरॉइनची थोडी मात्रा ५ ग्रॅमपर्यंत, अफूची २५ ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते, म्हणून पर्चे, तारखा, सगळं फाइलमध्ये जपा. विकायची केस असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वकील गाठा. नुसतं ओपीडीत नाव लागलं म्हणून आमच्या दारात कधी कोणी आलं नाही.

९. श्वास मंदावला तर

हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, आजीला पण. हाका मारून, खांदे हलवून उठत नाही, श्वास फार सावकाश किंवा घोरल्यासारखा, ओठ-नखं निळी, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. १०८ लावा आणि पहिलं वाक्य हेच सांगा: माणूस श्वास घेत नाहीये. एका कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही. श्वास बंदच असेल तर डोकं मागे करून तोंडाने श्वास द्या, फोनवरचा माणूस सांगेल तसं करा. थंड पाणी ओतणं, दूध पाजणं, मिठाचं पाणी, चालवत नेणं, यात वेळ घालवू नका.

दवाखान्यात गेल्या गेल्या काय घेतलंय ते सांगा, लपवू नका. नॅलोक्सोन म्हणून इंजेक्शन असतं, मिनिटांत माणूस डोळे उघडतो. आमचा उघडून लगेच "घरी चला" म्हणून भांडायला लागला. नेऊ नका. इंजेक्शनचा असर अर्ध्या-दीड तासात उतरतो, पावडर शरीरात तशीच असते, आणि श्वास परत बसू शकतो.

१०. गल्लीसाठी काय करता येईल

एकट्या घराला हे सगळं फार जड जातं, म्हणून आम्ही पाच घरांनी मिळून एक साधी गोष्ट केली. सोबत जाणाऱ्यांची यादी. कोणत्या वारी सकाळी कोण मोकळं आहे, कोणाकडे गाडी आहे, बस. गणपतीच्या मंडळातल्या एका दादांनी वहीच केली. ज्याच्या घरी पहाटे "चल" होतं तो यादीतल्या माणसाला फोन करतो आणि तो माणूस आधी जाऊन पर्च्याच्या लाइनीत उभा राहतो. यादीत दोघं जण स्वतः यातून बाहेर आलेले आहेत आणि खरं सांगायचं तर पेशंट त्यांचंच ऐकतात, आमचं नाही. तुम्ही "भिया, मी पण हेच ओढायचो" म्हणू शकत नसाल तर भाषण देऊ नका, नुसतं शेजारी बसा.

बायकांसाठी बाईच पाठवा. आमच्याकडे एक सून होती, खोकल्याच्या औषधाची सवय, घरात कोणाला कळू द्यायचं नव्हतं, मी तिला "डोळे दाखवायला" म्हणून घेऊन जायचे.

सोय वाढवून हवी असेल तर तोंडी बोलून काही होत नाही, अर्ज द्यावा लागतो. १५ ऑगस्ट २०२० पासून नशामुक्त भारत अभियान चालू आहे, जिल्ह्याच्या समितीचे प्रमुख कलेक्टर असतात. मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, तिथे पानभर अर्ज द्या, पावती घ्या. ३ गोष्टी मागा, ३० नको: अमुक दवाखान्यात बुप्रेनॉर्फिन कायम स्टॉकमध्ये असावं, आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची ओपीडी असावी (मजुराची दिहाडी बुडते, तो तिसऱ्या दिवशी येत नाही), बायकांसाठी वेगळी वेळ असावी. काही हललं नाही तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर फाइलवर लिहा. आमच्या अर्जातलं एक काम झालं, औषध. संध्याकाळच्या ओपीडीसाठी चौथा अर्ज दिलाय.

११. परत घेतलं तर

घेईल. बहुतेक जण एकदा तरी घेतात. आमच्याने बुप्रेनॉर्फिन चालू असताना पण दोनदा घेतलं. त्या दिवशी घरात तमाशा न करता तीन कामं: औषध बंद करू नका, दुसऱ्याच दिवशी ओपीडीत जाऊन खरं सांगा, आणि एकट्याला बाथरूमची कडी लावू देऊ नका (वर सांगितलं ते विसरू नका, थोडे दिवस बंद असलं की जुनी मात्रा जीवघेणी होते).

हातात रोख पैसे कमी, पण शून्य नको, शून्य केलं की चोरी सुरू होते. जुना फोन नंबर बदला. पगार झालेला दिवस आणि पावसाळी संध्याकाळ, या आमच्या घरातल्या दोन अवघड वेळा, तुमच्या कोणत्या ते लिहून काढा. घरच्यांसाठी पण कोणीतरी लागतं, १४४१६ वर घरचा माणूस स्वतःसाठी सुद्धा फोन करू शकतो, मी करते. एनए म्हणजे नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा असतात, ऑनलाइन पण असतात, धाकट्याला आधी भजनी मंडळ वाटलं, आता रविवार चुकवत नाही.

फाइल मात्र खुंटीवरून काढू नका. आधारची फोटोकॉपी पुसट होते, दर सहा महिन्यांनी नवी ठेवा, आणि दवाखाना बदलला असेल तर पहिल्या पानावरचा पत्ता खोडून नवा लिहा.